पेशीतल्या सिग्नलिंगचं मॉडेल करताय? या चुका टाळा

सिग्नलिंगचं, म्हणजे पेशीला बाहेरून मिळालेला संदेश प्रथिनांच्या साखळीतून आत पोचण्याचं, मॉडेल पहिल्यांदा चालतं, स्क्रीनवर ईआरके या त्या साखळीतल्या प्रथिनाचा आलेख झपकन चढतो आणि सावकाश उतरतो, तेव्हा फार बरं वाटतं. नेमक्या त्याच क्षणी सावध व्हायला हवं. आलेख पुस्तकातल्यासारखा दिसला म्हणजे मॉडेल बरोबर ठरलं असं नाही. पॅरामीटर, म्हणजे समीकरणांतले वेगांचे आणि प्रमाणांचे आकडे, भरपूर असतील तर जवळपास कुठलाही आलेख पुस्तकातल्यासारखा दिसू शकतो.

मी ठाण्यात राहते. एम.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरचे प्रोजेक्ट सुरू झाले की रविवारी नौपाड्यात आमच्याकडे बायोइन्फर्मॅटिक्स आणि बायोटेक्नॉलॉजीची मुलं लॅपटॉप घेऊन बसतात. कुणी ट्रान्स-हार्बरने नेरूळहून येतं, कुणी ऐरोलीहून, कुणी इथूनच पाचपाखाडीतून. बऱ्याच जणांना पुढे कॅन्सरवर काम करायचं असतं. खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र, जवळ असल्यामुळे ते स्वप्न त्यांना लांबचंही वाटत नाही. त्यांची मॉडेल्स बघून माझं एक मत पक्कं झालं आहे: ही मॉडेल्स गणितात क्वचितच अडतात. अडतात ती आकड्यांपाशी. हा आकडा कुठून आला, कुठल्या पेशीतला आहे, कशात मोजला आहे, हे कुणी विचारलेलंच नसतं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच सापडेल.

नकाशालाच मॉडेल समजू नका

सुरुवात बहुतेकांची सारखीच होते. केग किंवा रिॲक्टोम या ऑनलाइन संग्रहांवरून पाथवेचं, म्हणजे सिग्नलच्या वाटेचं, चित्र उतरवायचं, प्रत्येक बाणाला एक समीकरण जोडायचं आणि रन करायचं. पण त्या चित्रातला एक बाण उंदराच्या फायब्रोब्लास्टमधला असतो, दुसरा माणसाच्या कॅन्सर पेशींमधला, तिसरा बेडकाच्या अंड्यातला. अमुक प्रथिन तमुकावर परिणाम करतं एवढंच बाण सांगतो. किती वेगाने, किती प्रमाणात, आणि तुमच्या पेशीत ते प्रथिन मुळात आहे का, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

आधी प्रश्न लिहून काढा, अगदी एका वाक्यात. उदाहरणार्थ, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पीसी१२ पेशींना ईजीएफ हे वाढीला चालना देणारं प्रथिन दिलं तर ईआरके थोडा वेळ जागं होऊन शांत होतं आणि पेशी विभागत राहतात. त्याच पेशींना एनजीएफ हे तसंच दुसरं प्रथिन दिलं तर ईआरके तासन् तास जागं राहतं आणि पेशींना चेतापेशींसारखे तंतू फुटतात. आतला रास, राफ, मेक, ईआरके हा एकामागून एक प्रथिन चेतवत जाणारा रस्ता दोन्हीकडे तोच आहे. मग फरक कुठून पडतो? असा प्रश्न समोर असला की काय ठेवायचं आणि काय वगळायचं ते आपोआप ठरत जातं. रिसेप्टर (पेशीच्या पृष्ठभागावरचं, संदेश पकडणारं प्रथिन) आत ओढला जाण्याची क्रिया लागेल, राफकडे येणारा ऋण फीडबॅक (खालच्या पायरीने वरच्या पायरीला लावलेला लगाम) लागेल. राइबोसोम बनवण्याचा फाटा नाही लागणार.

रिसेप्टरवर फॉस्फेट बसण्याच्या दहा जागा असतील आणि प्रत्येक जागा भरलेली किंवा रिकामी असू शकत असेल, तर एकाच प्रथिनाच्या २^१० म्हणजे १०२४ अवस्था होतात. त्या हाताने लिहायला बसू नका आणि मनाला येईल तशा गाळूही नका. बायोनेटजेन किंवा काप्पासारखी नियमांवर चालणारी साधनं याच कामासाठी आहेत. नियम तुम्ही द्यायचे, अवस्थांचा हिशेब ती ठेवतात.

सॉल्व्हरच्या डिफॉल्टवर विसंबू नका

ऐरोलीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने एकदा स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मॅडम, कॉन्सन्ट्रेशन मायनसमध्ये जातंय. मी शून्याच्या खाली गेलं की शून्य करायची ओळ टाकलीय, पण आता एकूण ईआरकेच वाढत चाललंय."

मॉडेल होतं १९९६ सालचं हुआंग आणि फेरेल यांचं, बेडकाच्या अंड्यातल्या मॅप कायनेजच्या साखळीचं. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट बसवणारं एन्झाइम, आणि ईआरके हे एक मॅप कायनेजच. समीकरणं बिनचूक होती. तिने सगळे आकडे मोलरमध्ये दिले होते: वरच्या पायरीचं कायनेज ३ नॅनोमोलर, म्हणजे ०.००००००००३ असा शून्यांत हरवलेला आकडा. तिच्या कोडमध्ये तो ३ई-९ असा लिहिला होता. खालची दोन कायनेज प्रत्येकी १.२ मायक्रोमोलर, म्हणजे १.२ई-६. समीकरणं सोडवायला पायथनच्या सायपाय लायब्ररीतलं सॉल्व्ह-आयव्हीपी हे सॉल्व्हर फंक्शन घेतलं होतं, बाकी काही न बदलता. आता या फंक्शनची डिफॉल्ट ॲब्सोल्यूट टॉलरन्स १ई-६ आहे. म्हणजे मोलरमध्ये काम करताना आपणच सॉल्व्हरला सांगतो आहोत की १ मायक्रोमोलरपर्यंतची चूक चालेल. जे प्रथिन एकूणच ३ नॅनोमोलर आहे, त्याच्यासाठी ही सूट त्याच्या तीनशेपटीहून जास्त झाली. सॉल्व्हरने नियम पाळला आणि आलेख कचरा आला. मॅटलॅबच्या ओडीई४५ आणि ओडीई१५एस यांचीही डिफॉल्ट टॉलरन्स तितकीच आहे, त्यामुळे साधन बदलून सुटका होत नाही.

उपाय सोपा आहे. आकडे नॅनोमोलर किंवा मायक्रोमोलरमध्ये लिहा. ॲब्सोल्यूट टॉलरन्स तुमच्या दृष्टीने अर्थ असलेल्या सगळ्यात छोट्या आकड्याच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवा. रिलेटिव्ह टॉलरन्स, म्हणजे आकड्याच्या प्रमाणात चालणारी चूक, डिफॉल्ट १ई-३ आहे, ती १ई-६ करा. मग दोन्ही दहापट कडक करून पुन्हा चालवा. आलेख हलला तर आधीचं उत्तर फेकून द्या.

दुसरी गोष्ट पद्धतीची. सिग्नलिंगमध्ये दोन प्रथिनं चिकटण्या-सुटण्याचे प्रकार सेकंदाच्या आतबाहेर घडतात आणि त्याच मॉडेलमध्ये जीनपासून नवं प्रथिन तयार व्हायला तास लागतात. इतके वेगळे वेग एकत्र आले की समीकरणं 'स्टिफ' होतात. डिफॉल्ट आरके४५ अशा वेळी इतकी बारीक पावलं टाकतं की लॅपटॉपचा पंखा ओरडत राहतो आणि रन संपत नाही. तिथे बीडीएफ किंवा एलसोडा या स्टिफ समीकरणांसाठीच्या पद्धती घ्या, मॅटलॅबमध्ये ओडीई१५एस.

आणि ती शून्य करायची ओळ काढून टाका. ऋण आकडा हे लक्षण आहे, ते पुसून आजार बरा होत नाही. शिवाय ऋण आकड्याचा शून्य केला म्हणजे तुम्ही हवेतून रेणू आणून टाकलेत. एकूण ईआरके वाढत होतं ते त्यामुळेच. प्रथिनाची निर्मिती आणि नाश मॉडेलमध्ये नसेल तर त्याच्या सगळ्या रूपांची बेरीज पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत तीच राहिली पाहिजे. प्रत्येक रननंतर ही बेरीज छापायची सवय लावा. कोडमधली चिन्हांची चूक, विसरलेला कॉम्प्लेक्स (एकमेकांना चिकटलेली प्रथिनं), दोनदा मोजलेली प्रक्रिया, सगळं या एका ओळीत पकडलं जातं.

एककांचा आणि आकारमानाचा हिशेब

एक पेपर सेकंदात वेग देतो, दुसरा मिनिटात. एकत्र केले की साठपट फरक. ही चूक सगळ्यांना माहीत असते आणि तरी होते, कारण टेबलाच्या डोक्यावरचं एकक कॉपी-पेस्टमध्ये मागे राहतं. पॅरामीटरच्या फाइलमध्ये आकडा, एकक, कुठून घेतला, कुठली पेशी आणि कुठलं तापमान असे पाच रकाने ठेवा. टेस्टट्यूबमध्ये २५ किंवा ३० अंशांना मोजलेला वेग ३७ अंशांच्या पेशीत तसाच्या तसा लागू होत नाही. त्या आकड्याला थोडी मोकळीक द्यावी लागते.

दोन प्रथिनं एकमेकांना चिकटण्याच्या वेगालाही मर्यादा असते. पाण्यात रेणू फिरतात त्या गतीपेक्षा जास्त वेगाने ते भेटूच शकत नाहीत. ती कमाल साधारण १०^८ ते १०^९ प्रति मोलर प्रति सेकंद, आणि प्रथिनाला प्रथिन चिकटण्याचे नेहमीचे आकडे १०^६ च्या आसपास. फिटिंगने १०^१२ दिलं असेल तर तुमचं एकक चुकलंय किंवा तो पॅरामीटर डेटाच्या हाताबाहेर गेलाय.

आकारमानाची गफलत मात्र हुशार मुलांकडूनही होते, म्हणून जरा थांबते. एनएफ-कप्पाबी हे जीन चालू करणारं प्रथिन सायटोप्लाझममधून केंद्रकात जातं. समजा तुमच्या पेशीत सायटोप्लाझमचं आकारमान केंद्रकाच्या चौपट आहे. काही रेणू बाहेरून आत गेले आणि सायटोप्लाझममधलं कॉन्सन्ट्रेशन १ नॅनोमोलरने कमी झालं, तर केंद्रकातलं ४ नॅनोमोलरने वाढेल. दोन्ही समीकरणांत तेच पद उणे-अधिक करून लिहिलं की हा चारचा गुणक गायब होतो. केंद्रकातला फीडबॅक मग चौपट लुळा पडतो आणि मुलं महिनाभर पॅरामीटर हलवत बसतात. इथे बेरीज तपासतानाही कॉन्सन्ट्रेशनची करू नका, रेणूंची करा.

रेणूंची संख्या काढून बघणं एरवीही फार उपयोगी. १ पिकोलिटर आकारमानात १ नॅनोमोलर म्हणजे सुमारे ६०० रेणू. बॅक्टेरियात, जिथे आकारमान १ फेम्टोलिटरच्या घरात असतं, तिथे १ नॅनोमोलर म्हणजे एक रेणूसुद्धा धड नाही. हुआंग-फेरेल मॉडेलमधलं एक फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम) ०.३ नॅनोमोलर आहे. बेडकाचं अंडं सुमारे १ मायक्रोलिटरचं, त्यामुळे तिथे याचे अठरा कोटी रेणू होतात. तोच आकडा १ पिकोलिटरच्या पेशीत ठेवला तर उरतात १८०. अठरा कोटींना डिफरन्शियल इक्वेशन शोभून दिसतं. १८० वर यादृच्छिकता डोकं वर काढू लागते, आणि जीनच्या पातळीवर, जिथे प्रतीच दोन असतात, तिथे ती दुर्लक्षून चालतच नाही. तिथे १९७० च्या दशकात गिलेस्पीने दिलेली, एकेक प्रक्रिया यादृच्छिकपणे घडवणारी पद्धत वापरा. कोपासी या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती एका मेनूत मिळते.

मायकेलिस-मेंटेन सगळीकडे चिकटवू नका

ही मला सगळ्यात महत्त्वाची चूक वाटते, कारण ती चूक म्हणून दिसतच नाही. बारावीपासून एन्झाइम म्हटलं की १९१३ सालचं ते समीकरण हाताला येतं. कायनेज हेही एन्झाइमच, मग तेच लावायचं, असा सरळ विचार असतो.

पण त्या समीकरणामागे एक अट आहे: एन्झाइम हे सबस्ट्रेट (ज्यावर ते काम करतं तो रेणू) आणि केएम (सबस्ट्रेटच्या ज्या प्रमाणाला वेग कमालीच्या निम्मा होतो ते) यांच्या बेरजेपेक्षा पुष्कळ कमी असलं पाहिजे. पचनाच्या किंवा चयापचयाच्या कामात ती बहुधा पाळली जाते. सिग्नलिंगमध्ये एका पायरीचं सबस्ट्रेट हेच पुढच्या पायरीचं एन्झाइम असतं, आणि दोघांचं प्रमाण जवळपास सारखं असू शकतं. वरच्याच मॉडेलचे आकडे घ्या. मेकच्या जागी असलेलं कायनेज १.२ मायक्रोमोलर, त्याचं सबस्ट्रेट १.२ मायक्रोमोलर, केएम ०.३ मायक्रोमोलर. १.२ भागिले १.५, उत्तर ०.८. हे एकपेक्षा पुष्कळ लहान असायला हवं होतं.

अट मोडली की काय होतं? कायनेजचा मोठा हिस्सा सबस्ट्रेटला चिकटून बसलेला असतो, म्हणजे इतर कामाला तो मोकळा नसतो. फॉस्फेटेजचा हात त्याच्यापर्यंत पोचत नाही. वरच्या पायरीला खालच्या पायरीचा भार जाणवतो. मायकेलिस-मेंटेनमध्ये हे कॉम्प्लेक्स हिशेबातच नसतात, त्यामुळे साखळी एकाच दिशेने वाहते असं भासतं.

याचा निष्कर्षावर किती फरक पडतो बघा. गोल्डबेटर आणि कोशलँड यांनी १९८१ मध्ये दाखवलं की कायनेज आणि फॉस्फेटेज दोन्ही सबस्ट्रेटने भरून गेलेली असतील तर प्रतिसाद स्विचसारखा तीव्र होतो. मुलं हा परिणाम आपल्या मॉडेलमध्ये हमखास काढून दाखवतात. पण एन्झाइमचं प्रमाण सबस्ट्रेटच्या जवळ आलं की ही धार बोथट होते, आणि हे बोथट होणं मायकेलिस-मेंटेनने लिहिलेल्या मॉडेलला दिसतच नाही. उलट दिशेनेही गंमत आहे. खोलोडेंकोने २००० मध्ये दाखवलं की साखळीला ऋण फीडबॅक जोडला तर ईआरके वरखाली झुलू लागतं. फीडबॅक नसेल तर झुलणं नाही, असं त्यावरून कुणालाही वाटेल. पण २००७ मध्ये हुआंग-फेरेलच्या मूळ मॉडेलचा पॅरामीटर-पसारा धुंडाळला गेला तेव्हा काही पॅरामीटरना कुठलाही फीडबॅक न जोडता ते झुलताना आणि दोन स्थिर अवस्था दाखवताना सापडलं. तिथे काम करत होते ते चिकटलेले कॉम्प्लेक्सच.

तेव्हा साखळीच्या प्रत्येक पायरीवर वरचा भागाकार करून बघा. उत्तर लहान असेल तर मायकेलिस-मेंटेन खुशाल वापरा. नसेल तर चिकटणं, सुटणं आणि फॉस्फेट बसणं अशा तीन पायऱ्या मास-ॲक्शनने, म्हणजे वेग रेणूंच्या प्रमाणांच्या गुणाकारावर ठरवून, वेगळ्या लिहा. समीकरणं वाढतील, वाढू द्या. हुआंग-फेरेल आणि खोलोडेंको यांची मॉडेल्स बायोमॉडेल्सच्या ऑनलाइन संग्रहात अनुक्रमे ९ आणि १० क्रमांकाला आहेत. स्वतःचं काही लिहिण्याआधी ती उतरवून कोपासीत चालवा, पेपरमधला आलेख जसाच्या तसा येतो का पाहा. एक संध्याकाळ लागेल, पण पुढचे आठवडे वाचतील.

याच्याच शेजारची एक छोटी चूक: ए ला बी आणि सी दोन्ही चिकटतात, कुठल्याही क्रमाने. चार समतोल स्थिरांक होतात, पण त्यातले तीनच तुम्ही निवडू शकता. चौथा त्या तिघांवरून ठरतो, नाहीतर रेणू इंधनाशिवाय गोल गोल फिरत राहतील. एटीपी जळत नसलेलं प्रत्येक वर्तुळ असं तपासा.

सिग्नल देण्याआधी पेशी शांत आहे का?

सगळं शून्यावर ठेवून सुरुवात करायची आणि शून्याव्या सेकंदाला लिगँड, म्हणजे रिसेप्टरला चिकटणारा सिग्नलचा रेणू, ओतायचं, हे सर्रास चालतं. मग पहिल्या पाच मिनिटांत दिसणारी उसळी सिग्नलमुळे आली की मॉडेल आपलं आपण स्थिरावत होतं म्हणून, ते सांगता येत नाही. लिगँड शून्य ठेवून मॉडेल लांबपर्यंत चालवा, स्थिर झालं की ती अवस्था उचला आणि तिथून खरा प्रयोग सुरू करा. पॅरामीटर बदलला की हे पुन्हा करायचं, फिटिंगच्या प्रत्येक फेरीतसुद्धा.

सरासरीवर मॉडेल बसवताना

वेस्टर्न ब्लॉटसाठी, म्हणजे पट्ट्याच्या गडदपणावरून प्रथिन मोजण्यासाठी, लाखो पेशी एकत्र विरघळवतात. हाती येते ती सगळ्यांची सरासरी. रात्री घोडबंदर रोडवरचा एखादा टॉवर लांबून मोजा: निम्म्या घरांत दिवे लख्ख आणि निम्म्यांत मिट्ट काळोख असला, तरी मीटर सांगेल की इमारत मध्यम उजळली आहे. मध्यम उजेडाचं एकही घर तिथे नसतं.

फेरेल आणि माखलेडर यांनी १९९८ मध्ये बेडकाच्या अंड्यांवर हेच दाखवलं. प्रोजेस्टेरॉनचं प्रमाण वाढवत नेलं तसा सगळ्या अंड्यांचा मिळून मॅप कायनेजचा प्रतिसाद हळूहळू चढत गेला. मग एकेक अंडं वेगळं तपासलं, तर प्रत्येक अंडं एकतर पूर्ण चालू होतं किंवा पूर्ण बंद. ज्याने फक्त सरासरीवर मॉडेल बसवलं असतं त्याने गुळगुळीत चढाचं समीकरण लिहिलं असतं, आणि आतला स्विच, दोन स्थिर अवस्था, मागे न फिरणारा निर्णय, हे सगळं निसटलं असतं.

डीएनए बिघडला की वाढणाऱ्या पी५३ या प्रथिनाची गोष्टही अशीच. किरणोत्सार दिलेल्या पेशींच्या समूहात पी५३ ची पातळी झुलत झुलत मंदावताना दिसायची. २००४ मध्ये एकेक पेशी जिवंत असताना सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तेव्हा तिथे ठरावीक उंचीचे ठोके होते, आणि डोस वाढवला की ठोक्यांची उंची नव्हे तर संख्या वाढत होती. पेशींची लय एकमेकांपासून सुटत गेल्यामुळे सरासरी मंदावल्यासारखी दिसत होती. तुमच्या आलेखात मंदावणारी लाट असेल तर तिला समीकरणात घर्षण जोडायच्या आधी हा संशय घ्या. फ्लो सायटोमेट्रीचा (एकेक पेशी वेगळी मोजणाऱ्या पद्धतीचा) साधा हिस्टोग्राम मिळाला तरी एक शेंडा आहे की दोन ते कळतं.

ब्लॉटबद्दल आणखी एक. पट्टा गडद झाला की फिल्म भरून जाते, त्यापुढे प्रथिन दुप्पट झालं तरी पट्टा तेवढाच काळा. डेटा देणाऱ्या लॅबला विरलतेची मालिका (तोच नमुना पायरीपायरीने पातळ करून) लावली होती का, हे नक्की विचारा. विचारायला मुलं संकोचतात. संकोचू नका, चांगल्या लॅबला हा प्रश्न आवडतो.

"आर-स्क्वेअर ०.९८ आहे, मॅडम"

हे वाक्य, म्हणजे मॉडेल डेटाशी जवळजवळ पूर्ण जुळतंय असा दावा, ऐकलं की मी आधी विचारते, डेटाचे बिंदू किती आणि पॅरामीटर किती. उत्तर बारा आणि एकवीस असं काहीतरी असतं. बारा बिंदूंवर एकवीस पॅरामीटर बसवले तर फिट उत्तमच येणार. पण त्यातल्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा?

सगळ्यात सोपं उदाहरण ब्लॉटचंच. ब्लॉट आकडा देतो तो मनमानी एककात, म्हणून मॉडेलच्या उत्तराला एका स्केलिंग गुणकाने गुणून डेटाशी जुळवतात. कॉन्सन्ट्रेशन दुप्पट आणि गुणक निम्मा केला, तर बऱ्याच मॉडेल्समध्ये फिट तंतोतंत तोच राहतो. कितीही नवे ब्लॉट आणा, ही जोडी सुटणार नाही. सुटेल ती प्रथिनाचं खरं प्रमाण एकदा तरी वेगळ्या पद्धतीने मोजलं तर.

२००७ मध्ये सिस्टिम्स बायोलॉजीतली सतरा प्रसिद्ध मॉडेल्स तपासली गेली आणि सगळ्यांत एकच स्वभाव सापडला. पॅरामीटरची काही मोजकी मिश्रणं डेटाने घट्ट ठरतात, बाकीची कित्येक पटींनी हलवली तरी आलेखाला पत्ता लागत नाही. म्हणजे हा तुमच्या प्रोजेक्टचा दोष नाही, या विषयाचाच गुण आहे. दोष होतो तो प्रबंधात 'के७ = ०.०४३१२' असं चार अंकांपर्यंत छापून त्यावरून जीवशास्त्र सांगायला लागलं की.

करायचं काय? पॅरामीटर लॉगमध्ये शोधा, कारण ते कित्येक दसपटींत पसरलेले असतात. एकाच जागेवरून सुरुवात करू नका. शेकडो वेगवेगळ्या ठिकाणांहून फिटिंग सुरू करा आणि सगळ्यांचा शेवटचा एरर चढत्या क्रमाने मांडा. सुरुवातीला सपाट पायरी दिसली, म्हणजे बऱ्याच वाटा एकाच तळाशी आल्या, तर भरवसा ठेवा. एकच रन सगळ्यांच्या खाली असेल तर शोध अपुरा आहे. मग एकेक पॅरामीटर घेऊन त्याला दहापट वर, दहापट खाली असं खिळवा आणि बाकीचे पुन्हा फिट करा. एरर हललाच नाही तर तो पॅरामीटर तुमच्या डेटाला माहीतच नाही. २००९ पासून प्रोफाइल लाइकलिहूड नावाने हीच कल्पना नीट मांडलेली मिळते. जो पॅरामीटर ठरत नाही त्याच्यासमोर 'ठरत नाही' असं लिहा. परीक्षक चांगला असेल तर त्याला ही ओळ आवडेल. आणि पॅरामीटर ठरत नसले तरी भाकितं बऱ्यापैकी ठरू शकतात, म्हणून हजारभर चांगल्या फिटवरून भाकिताचा पट्टा काढा, एक रेषा नको.

झुलणाऱ्या आलेखाची घाई

ऋण फीडबॅक जोडला म्हणजे आलेख झुलेल असं नाही. त्याला पुरेसा उशीर लागतो आणि पुरेशी तीव्रता लागते. एनएफ-कप्पाबी केंद्रकात जाऊन आयकप्पाबी-अल्फाचा जीन चालू करतं, आरएनए बनतो, प्रथिन बनतं, ते परत येऊन एनएफ-कप्पाबीला पकडतं. हा फेरा एका पायरीत गुंडाळला की झुलणं मरतं. एकेका पेशीत ते सुमारे १०० मिनिटांच्या लयीने झुलतं, हे २००४ मध्ये दिसलं. तुमचं मॉडेल ८ मिनिटांत झुलत असेल तर आरएनएची पायरी आहे का ते बघा. अजिबात झुलत नसेल तरी तेच बघा.

मॉडेलला नव्या प्रयोगापुढे उभं करा

ज्या डेटावर फिट केलं त्याच डेटाशी जुळतं असं दाखवणं म्हणजे तपासणी नाही. निदान एक प्रयोग बाजूला काढून ठेवा, शक्यतो असा ज्यात काहीतरी मोडलं आहे: इनहिबिटर दिलेला, जीन काढलेला, डोस बदललेला.

राफ इनहिबिटरचं उदाहरण मी प्रत्येक मुलाला देते. वेमुराफेनिब हे मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवरचं औषध, अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालेलं. ब्राफ या राफच्या एका प्रकारात व्ही६००ई म्युटेशन असलेल्या पेशींत ते ईआरके खाली आणतं. साध्या साखळीच्या मॉडेलला विचारलं तर ते म्हणेल, राफ अडवलं की सगळ्याच पेशींत ईआरके उतरेल. २०१० मध्ये लॅबमध्ये उलटं दिसलं. ब्राफ नॉर्मल आणि रास जागं असलेल्या पेशींत या प्रकारच्या औषधांनी ईआरके वाढलं. राफ जोडीने काम करतं. औषध जोडीतल्या एकाला पकडतं आणि दुसरा त्यामुळे चेततो. हे नुसतं कागदावरचं नव्हतं. औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या त्वचेवर नव्या गाठी आल्या आणि त्यातल्या अनेकांत रासची म्युटेशन्स सापडली. पुढे मेक इनहिबिटर सोबत दिल्यावर तो त्रास कमी झाला.

साखळीच्या मॉडेलमध्ये पॅरामीटर कितीही हलवा, जोडीची कल्पनाच नसेल तर हा निकाल येणारच नाही. म्हणून भाकीत चुकलं की लगेच पुन्हा फिटिंगला बसू नका. आधी विचारा, हे उत्तर या रचनेतून कुठल्याही पॅरामीटरने येऊ शकतं का? नसेल येत, तर तुम्हाला जीवशास्त्रातली एक हरवलेली गोष्ट सापडली आहे, आणि प्रोजेक्टमधलं सगळ्यात मोलाचं पान तेच असेल. फसलेलं भाकीत परिशिष्टात लपवणारी मुलं बघितली की मला खरंच वाईट वाटतं.

रचना दोन असतील, एक साधी आणि एक फीडबॅकवाली, तर दोन्ही फिट करा आणि एआयसी या निकषाने तुलना करा. जास्त पॅरामीटरवाली नेहमीच जवळ बसते, तिला त्याची किंमत मोजायला लावा.

फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चालते का?

मॉडेल एसबीएमएल या सगळ्या सॉफ्टवेअरना चालणाऱ्या फाइल-स्वरूपात काढा. प्रमाण कॉन्सन्ट्रेशनमध्ये आहे की रेणूंमध्ये, हे त्यात स्पष्ट नोंदवा, नाहीतर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तेच मॉडेल वेगळं उत्तर देतं. पायथन आणि सायपायची व्हर्जन, टॉलरन्स, रँडम सीड, सुरुवातीची अवस्था, सगळं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. मग ते फोल्डर ग्रुपमधल्या अशा कुणाला तरी पाठवा ज्याने तुमचा कोड कधी उघडलेला नाही, आणि आकृती क्रमांक २ काढून दे म्हणावं. प्रबंध जमा करायच्या आदल्या रात्री नव्हे, निदान दोन आठवडे आधी. त्याला फोन करून विचारावा लागलेला प्रत्येक प्रश्न त्या टेक्स्ट फाइलमध्ये एक ओळ म्हणून टाका.